एपी नक्की किती घ्यायचे? आठवीपासून बारावीपर्यंतचा हिशोब, अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी

जानेवारी संपत आला की शाळेच्या पोर्टलवर पुढच्या वर्षीच्या कोर्स सिलेक्शनचा फॉर्म उघडतो आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न सुरू होतो, "तुमच्याकडे किती एपी घेतायत?" (एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेज पातळीचे कोर्स.) कोणी म्हणतं आठ, कोणी बारा, एकीच्या भाच्याने म्हणे पंधरा केले आणि तरी हवं ते कॉलेज मिळालं नाही, मग दोन दिवस त्यावरच काथ्याकूट. माझी मोठी लेक यातून पार पडून कॉलेजात गेलीये, धाकटा नववीत आहे, आणि पहिल्या खेपेला केलेल्या चुका दुसऱ्या खेपेला नकोत म्हणून मी जे जे शोधलं ते इथे एका जागी लिहून ठेवतेय. आम्ही न्यू जर्सीत, पब्लिक स्कूलवाले, त्यामुळे उदाहरणं त्याच बाजूची. कॅलिफोर्नियावाल्यांसाठी खाली वेगळा भाग आहे.

आधी माझा मूळ घोटाळा सांगते. आपण बारावी, सीईटी, जेईईच्या मुशीतून आलेले लोक, मार्क जास्त तर नंबर वर हे रक्तातच आहे, त्यामुळे एपी जास्त तर चान्स जास्त असं मी धरूनच चालले होते. इथल्या निवडक, म्हणजे थोड्याच अर्जदारांना घेणाऱ्या कॉलेजांत असं मोजत नाहीत. ॲडमिशन ऑफिसमधला माणूस तुमच्या मुलाचं ट्रान्सक्रिप्ट (हायस्कूलमधले कोर्स आणि त्यांच्या ग्रेडचा दाखला) त्याच्या शाळेच्या मेनूकार्डाशेजारी ठेवून वाचतो. इथे काय काय मिळत होतं, त्यातलं याने काय मागवलं, आणि मागवलेलं नीट संपवलं का ताटात टाकलं. शेजारच्या गावातल्या शाळेत काय शिजत होतं याच्याशी तुमच्या मुलाचा संबंध नाही.

पहिलं काम: शाळेचं प्रोफाइल शोधून काढा

प्रत्येक हायस्कूल एक दोन-चार पानी "स्कूल प्रोफाइल" बनवतं आणि ते प्रत्येक मुलाच्या ट्रान्सक्रिप्टबरोबर कॉलेजला जातं. त्यात किती एपी शिकवतात, कुठला कोर्स कोणत्या इयत्तेत घेता येतो, वर्षाला किती घ्यायचे याची मर्यादा आहे का, जीपीए (सगळ्या ग्रेडची सरासरी) कसा काढतात, हे सगळं असतं. शाळेच्या गाईडन्स विभागाच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा सापडतं, नाहीतर काउन्सेलरला ईमेल करा, एका ओळीचं काम आहे. मी हे पहिल्यांदा उघडलं तेव्हा लेक अकरावीत होती, म्हणजे उशीरच. खरं तर आठवीच्या शेवटी प्रिंट काढून फ्रिजवर लावायला हवं.

यातून काय कळतं? शाळेत पंचवीस एपी असतील आणि मुलाने दोन घेतले तर वाचणारा विचारणार की बाबा का नाही घेतले. शाळेत चारच असतील आणि मुलाने चारही घेतले तर तिथे "जे होतं ते सगळं घेतलं" अशी नोंद होते आणि दहा एपीवाल्याच्या तुलनेत त्याला कमी लेखत नाहीत. २०१८ मध्ये वॉशिंग्टन भागातल्या आठ नावाजलेल्या प्रायव्हेट शाळांनी मिळून जाहीर केलं की २०२२ पर्यंत आम्ही एपी बंद करणार आणि आमचे स्वतःचे वरच्या पातळीचे कोर्स शिकवणार. नुसत्या एपीच्या आकड्यावर ॲडमिशन ठरत असत्या तर फीच्या नावाखाली डोळे पांढरे करणाऱ्या त्या शाळांनी असलं धाडस केलं असतं का?

दुसरं: काउन्सेलरच्या फॉर्मवरची ती एक टिकमार्क

कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच सामाईक अर्ज) काउन्सेलरला एक स्कूल रिपोर्ट भरायचा असतो. त्यात एक प्रश्न असा की तुमच्या शाळेतल्या कॉलेजला जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या मुलाचे कोर्स किती अवघड होते, आणि पर्याय पाच: सगळ्यात वरचा "मोस्ट डिमांडिंग", मग "व्हेरी डिमांडिंग", "डिमांडिंग", "ॲव्हरेज" आणि त्याखालचा. अतिनिवडक कॉलेजांचं स्वप्न असेल तर वरच्या एक-दोन खणांतच टिकमार्क हवी. आता "मोस्ट" कशाला म्हणायचं हे प्रत्येक शाळा आपापलं ठरवते. कुठे सहा एपी पुरतात, कुठे पाचही मुख्य विषयांत वरची पातळी लागते, मग तुम्ही एकाच विषयात चार एपी घेतले तरी उपयोग नाही. म्हणून नववीत असतानाच काउन्सेलरला सरळ विचारा, "तुमच्या शाळेत मोस्ट डिमांडिंगसाठी साधारण काय लागतं?" विचारायला लाजू नका. मी लाजले, आपण उगाच हावरट दिसू असं वाटलं, आणि लेकीची स्पॅनिश दहावीनंतर सुटली ती याच अज्ञानात. बऱ्याच निवडक कॉलेजांना एकच परकी भाषा तीन-चार वर्षं केलेली आवडते, आणि तिच्या जागी घेतलेलं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, कोणाच्या नजरेतही आलं नाही.

भाषेवरून आठवलं. रविवारची मराठी शाळा करणाऱ्या मुलांना बऱ्याच राज्यांत "सील ऑफ बायलिटरसी" (दोन भाषा येतात याचं प्रमाणपत्र) मिळवता येतं आणि त्यासाठी मराठीची परीक्षाही देता येते. छान गोष्ट आहे, जरूर करा, पण ती शाळेतल्या स्पॅनिश-फ्रेंचच्या चार वर्षांची जागा घेईल असं गृहीत धरू नका, आधी शाळेला विचारा.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: गणिताची शिडी

बाकीच्या विषयांत दहावी-अकरावीत गाडी बदलता येते, गणितात येत नाही, कारण एक पायरी झाल्याशिवाय दुसरी चढता येत नाही. नेहमीचा क्रम अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. अल्जिब्रा १ आठवीत झालं तर बारावीत कॅल्क्युलसला पोचता, सातवीत झालं तर अकरावीत, आणि नववीत झालं तर सरळ रस्त्याने बारावीत प्रीकॅल्क्युलसपर्यंतच. म्हणजे बारावीतल्या अर्जाचा निम्मा निकाल मिडल स्कूलमधल्या एका प्लेसमेंट टेस्टवर लागून गेलेला असतो आणि तेव्हा आपण पोराला बेसबॉलला सोडण्यात मग्न असतो.

उशीर झाला असेल तर मार्ग आहेत. उन्हाळ्यात जॉमेट्री करून घेणं (पण शाळा ते मान्य करते का हे लेखी विचारून), किंवा एकाच वर्षी जॉमेट्री आणि अल्जिब्रा २ दोन्ही. मात्र कच्च्या अल्जिब्रावर उडी मारून पुढे नेलेली पोरं कॅल्क्युलस बीसीमध्ये गटांगळ्या खाताना मी पाहिलीत, तेव्हा शेजारच्याने केलं म्हणून उडी नको.

एपी कॅल्क्युलसच्या एबी आणि बीसी या दोन कोर्समधला फरक थोडक्यात: बीसीमध्ये एबीचं सगळं येतं आणि वर सिरीजसारखे विषय, परीक्षेच्या निकालात एबीचा वेगळा सबस्कोरही मिळतो. इंजिनियरिंग, फिजिक्स, कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्या मुलाने शाळेत मिळत असलेलं कॅल्क्युलस टाळून त्या जागी फक्त स्टॅटिस्टिक्स घेतलं तर ते खटकतं. फिजिक्सचंही तसंच, एपी फिजिक्स १ अल्जिब्रावर चालतं, फिजिक्स सी कॅल्क्युलसवर, इंजिनियरिंगवाल्यांनी शक्य असेल तर सी गाठावं. कॉम्प्युटरमध्ये "प्रिन्सिपल्स" हा ओळखीचा कोर्स आणि "ए" हा जावातला खरा प्रोग्रॅमिंगचा, नावं सारखी म्हणून गोंधळ होतो.

आणि शाळेत कॅल्क्युलस, फिजिक्स किंवा केमिस्ट्री शिकवतच नसतील तर? कॅलटेक हे तिन्ही मागायचं, पण २०२३ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की ज्यांच्या शाळेत हे नाही त्यांनी खान ॲकॅडमीसारख्या फुकट ऑनलाइन मार्गाने तयारी दाखवली तरी चालेल. पुन्हा तोच मुद्दा, मेनूत नसलेल्या पदार्थासाठी पोराला शिक्षा नाही.

ऑनर्स, एपी, आयबी, ड्युअल एनरोलमेंट

ऑनर्स म्हणजे शाळेची स्वतःची वरची तुकडी. एपी कॉलेज बोर्डाचं, चाळीसच्या आसपास विषय, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा पूर्ण दोन वर्षांचा डिप्लोमा, १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेला, सहा विषय, त्यातले निदान तीन हायर लेव्हल, शिवाय ४००० शब्दांचा निबंध, एकूण गुण ४५. दोन्ही शाळेत असतील तर कॉलेजं यातलं एक वर आणि एक खाली धरत नाहीत, पण आयबीच्या शाळेत जाऊन डिप्लोमा अर्धवट सोडला तर तो प्रश्न पडतोच.

ड्युअल एनरोलमेंट म्हणजे कम्युनिटी कॉलेजचा कोर्स हायस्कूलमध्ये असतानाच करायचा. स्वस्त, राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत क्रेडिट मिळायला (म्हणजे तो कोर्स डिग्रीत धरला जायला) बरा, पण दोन सूचना. एक, अनेक प्रायव्हेट कॉलेजं असं क्रेडिट देत नाहीत, विशेषतः तोच कोर्स हायस्कूलच्या डिप्लोमासाठीही धरला असेल तर. दुसरी सूचना डॉक्टर व्हायचं म्हणणाऱ्यांच्या आईबाबांसाठी, आणि आपल्यात ते कमी नाहीत: मेडिकल स्कूलच्या सामाईक अर्जात आयुष्यात घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स दाखवावा लागतो, सोळाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात घेतलेली सी ग्रेडसुद्धा तिथल्या जीपीएत येऊन बसते. "जरा ट्राय करून बघ" म्हणून पोराला तिथे पाठवू नका.

मग आकडा किती?

नॉर्थ कॅरोलिनाच्या चॅपल हिल युनिव्हर्सिटीने आपल्याच विद्यार्थ्यांचे पहिल्या वर्षाचे मार्क तपासले होते, तेव्हा दिसलं की हायस्कूलमध्ये कॉलेज पातळीचे पाचेक कोर्स केलेल्यांना फायदा होतो, पण पाचाच्या पुढे आणखी किती केले याने फारसा फरक पडत नाही. याचा अर्थ सगळीकडे पाच बस असा नाही, वीस एपी असलेल्या शाळेतून पाच घेऊन अतिनिवडक कॉलेजला अर्ज केला तर काउन्सेलरची टिकमार्क खाली सरकू शकते. पण नववा, दहावा, अकरावा एपी जो केवळ आकड्यासाठी घेतला जातो, त्याने चान्स वाढतो असं मला तरी कुठे दिसलं नाही.

मी धाकट्यासाठी जे ठरवलंय ते सांगते. नववीत शून्य किंवा एक, म्हणजे ह्युमन जिओग्राफीसारखा. दहावीत एक-दोन. अकरावीत तीन, फार तर चार. बारावीत तेवढेच, कमी नाही. पाच मुख्य विषय म्हणजे इंग्रजी, गणित, सायन्स, इतिहास-समाजशास्त्र आणि भाषा, यातला एकही मधेच सोडायचा नाही, आणि ज्या दिशेने जायचंय तिथे सगळ्यात वरची पातळी. बस.

याआधी लेकीच्या वेळी काय केलं? अकरावीत पाच एपी: कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स सी, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज, यूएस हिस्टरी. वर ऑर्केस्ट्रा आणि रोबोटिक्स. "ती करेल मॅनेज" असं शाळेतून सांगितलं गेलं आणि आम्ही खूश. ऑक्टोबरमध्ये रात्री दीड वाजता ती डायनिंग टेबलावर हिस्टरीच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेली सापडली तेव्हा कोर्स सोडायची मुदत केव्हाच निघून गेली होती, सोडला असता तर ट्रान्सक्रिप्टवर "डब्ल्यू" (विथड्रॉन, म्हणजे कोर्स सोडला) लागला असता. केमिस्ट्रीत पहिल्या क्वार्टरला सी प्लस. वर्षअखेर बी झालं कसंबसं, पण ज्या फिजिक्समध्ये ती खरी हुशार, तिथेही त्या वर्षी ए मायनसवर आली.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. त्या शाळेत आत्ता तो कोर्स करणाऱ्या दोन मुलांना विचारा की रोज घरी किती वेळ लागतो (शिक्षकांना नको, त्यांचं उत्तर नेहमी कमी असतं), सगळ्या कोर्सचे तास मांडा, त्यात शाळेचे तास, खेळ, क्लब, जाण्यायेण्याचा वेळ, आणि आठ तास झोप टाका. चोवीसच्या वर गेलं तर एक कोर्स खाली आणा, भावनिक चर्चा नको. आणि ॲड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स बदलायची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

"एपीत बी बरा का रेग्युलरमध्ये ए?"

कॉलेजांच्या प्रत्येक माहिती सत्रात कोणीतरी हे विचारतंच आणि समोरचा हसून म्हणतो, "एपीत ए." चीड येते, पण अतिनिवडक कॉलेजांपुरतं ते खरंही आहे, कारण हार्वर्ड-एमआयटीसारख्या ठिकाणी शंभरात पाचांनाही घेत नाहीत आणि नकार मिळालेल्यांमध्येही अवघड कोर्स आणि सरळ ए असलेल्यांची रांग असते. अवघड कोर्स हा तिथे गेटपास आहे, आतली खुर्ची वेगळ्याच गोष्टींवर मिळते. त्याच्या एक पायरी खालच्या चांगल्या कॉलेजांत मात्र ए-च्या माळेत एपीतले एक-दोन बी सहज खपतात. पण एपीत सी यायची शक्यता असेल तर ऑनर्समध्ये राहिलेलं बरं.

वेटेड जीपीएच्या मोहात पडू नका. आमच्या शाळेत एपीला एक आणि ऑनर्सला अर्धा पॉइंट जास्त मिळतो, दुसरीकडे वेगळं, त्यामुळे बरीच कॉलेजं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा काढतात. कोणतं कॉलेज कशाला किती वजन देतं हे बघायचं असेल तर कॉलेजच्या नावापुढे "कॉमन डेटा सेट" टाकून शोधा, त्यातल्या सी७ या तक्त्यात कोर्सचा अवघडपणा, जीपीए, टेस्ट, निबंध असं एकेकापुढे "अतिशय महत्त्वाचं" ते "बघत नाही" अशी खूण असते. दहा मिनिटांचं काम, आणि खाजगी कन्सल्टंटने पैसे घेऊन आम्हाला हेच दाखवलं होतं!

कॅलिफोर्नियाचं गणित

यूसीचं, म्हणजे तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचं बरं आहे, निदान हिशोब उघडा आहे. नववीचे मार्क जीपीएत धरत नाहीत (पण कोर्स सी किंवा वर पास हवा), दहावी-अकरावीचे ए-जी यादीतले (यूसीने ठरवून दिलेल्या विषयांचे) कोर्स धरतात, आणि एपी, आयबी वगैरेचा जास्तीचा पॉइंट जास्तीत जास्त आठ सेमेस्टरना, त्यातले दहावीतले चारच. समजा दोन वर्षांत मिळून २४ सेमेस्टर ग्रेड आहेत आणि सगळे ए, एका ए चे ४ पॉइंट. चोवीस चोक ९६, वर ८, झाले १०४, भागिले २४, म्हणजे ४.३३. आता पोराने आठ सेमेस्टरऐवजी सोळा सेमेस्टर एपी केले तरी हा कॅप लावलेला जीपीए ४.३३ च राहतो. बाकीचे एपी कॅम्पसवर अर्ज वाचताना दिसतात, ते वाया जात नाहीत, पण आकडा फुगवायला उपयोगाचे नाहीत. एसएटी ही प्रवेशपरीक्षा यूसी बघतच नाही, त्यामुळे तिथे कोर्स आणि मार्क यांना आणखीनच महत्त्व येतं. राज्याबाहेरून अर्ज करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुमच्या शाळेच्या ऑनर्सला यूसी जास्तीचा पॉइंट देत नाही, एपी-आयबीला देते.

परीक्षा, गुण आणि तारखांची गंमत

एपीचा कोर्स आणि एपीची परीक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सची ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर जाते, परीक्षेचा स्कोर अर्जात मुलानेच लिहायचा असतो आणि बहुतेक कॉलेजांत कोणता लिहायचा ते त्याच्या हातात असतं. ४ आणि ५ लिहा, ३ कॉलेज बघून ठरवा. अपवाद आहेत: २०२४ पासून येलने एसएटी-एसीटीऐवजी एपी किंवा आयबीचे स्कोर चालतील असं केलं, पण तो मार्ग घेतला तर दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोर दाखवावे लागतात. शाळेत ए आणि परीक्षेत २ असं वारंवार झालं तर मात्र ग्रेड फुगवल्यात का अशी शंका येते.

आता तारखा बघा. अर्ली अर्ज १ नोव्हेंबरच्या सुमारास, रेग्युलर जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल मार्चअखेर. बारावीच्या एपी परीक्षा मे महिन्यात, स्कोर जुलैत. म्हणजे बारावीतल्या परीक्षेच्या स्कोरचा ॲडमिशनशी काडीचा संबंध नाही! ॲडमिशनला बारावीचे फक्त कोर्सची नावं आणि अर्ध्या वर्षाचे मार्क जातात. म्हणून बारावीचा एपी अवघड असला तर घ्या, पण परीक्षा द्यायची का हे क्रेडिट मिळतं का ते बघून ठरवा. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, सरकारी युनिव्हर्सिट्या बऱ्याचदा सढळ हाताने देतात आणि तिथे एखादं सेमेस्टर वाचू शकतं. फक्त नोंदणी साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करायची असते, तेव्हा कॉलेज ठरलेलं नसतं, आणि एका परीक्षेचे जवळपास १०० डॉलर.

घरी अभ्यास करून नुसती परीक्षा द्यायची का? शाळेत तो विषय नसेल आणि मुलाला मनापासून आवड असेल तर हो. आकडा वाढवायला नको, ट्रान्सक्रिप्टवर ते येतच नाही.

भारतातून अर्ज करणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी

पुण्यातून नणंदेने विचारलं होतं म्हणून एवढंच. सीबीएसई, आयसीएसई, राज्य बोर्ड, सगळे या कॉलेजांना माहीत आहेत, शाळेत एपी नाही म्हणून मूल मागे पडत नाही. नववीपासूनचे मार्क मागतात, त्यामुळे "दहावीला बघू" चालत नाही. इंजिनियरिंगला जायचं असेल तर अकरावी-बारावीत गणित सोडू नका. एपीची परीक्षा भारतातही केंद्रांवर देता येते, एक-दोन विषयांत ५ आले तर बोर्डाच्या मार्कांना आधार मिळतो, पण त्यासाठी बारावीचे मार्क घसरणार असतील तर राहू दे.

बारावीत पोचल्यावर

कोर्स हलके करायचा मोह होतो, मुलांनाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही. मिडइयर रिपोर्ट जातो, जूनमध्ये फायनल ट्रान्सक्रिप्ट जातं, आणि मार्क गडगडले तर दिलेली ॲडमिशन काढून घेतल्याची उदाहरणं आहेत. अर्जात लिहिलेला कोर्स नंतर बदलला तर प्रत्येक कॉलेजला कळवावं लागतं. लेकीने सप्टेंबरात एपी स्टॅटिस्टिक्स सोडून सिरॅमिक्स घेतलं, अर्ज जायच्या आधी, म्हणून कोणाला कळवायची वेळ आली नाही. मी आठवडाभर धुसफुसत होते. तिने केलेला वाकडा मग आता माझ्या पेनस्टँडचं काम करतो.